मंत्रिमहोदय, आमची प्लेट मापात पास झाली आणि धुण्यात नापास

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय, सादर नमस्कार.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझं वर्कशॉप आहे. तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं), दोन सीएनसी लेथ, कर्ज काढून घेतलेलं एक सीएमएम (मापं तपासायचं यंत्र) आणि वडिलांच्या वेळचा एक जुना लेथ, जो विकवत नाही. पंप आणि व्हॉल्व्हचे भाग करण्यात माझी बावीस वर्षं गेली. आमच्याकडे 'चिप' म्हणजे मशीनखाली साठणारा कीस. भंगारवाला तो किलोवर नेतो. त्यामुळे चिपच्या धंद्याबद्दल मी दिल्लीला पत्र लिहितोय म्हटल्यावर घरात सगळे हसले.

2026-27च्या अर्थसंकल्पात सेमीकंडक्टर मिशन 2.0ची (देशात चिप बनवण्याच्या सरकारी योजनेची) घोषणा झाली आणि त्यात यंत्रसामग्री व कच्च्या मालाला जागा मिळाली, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतून एका परदेशी यंत्रनिर्मात्याचं ड्रॉइंग हाती आलं. लिथोग्राफी यंत्राच्या, म्हणजे सिलिकॉनवर प्रकाशाने सर्किट छापणाऱ्या यंत्राच्या, व्हॅक्यूमच्या बाजूला बसणारी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, 6061 मटेरियल, सपाटपणा 15 मायक्रॉनच्या आत. पाच प्लेटा केल्या, तीन बिघडल्या, दोन धाडल्या. दीड महिन्याने रिपोर्ट आला. पहिल्या पानावर सगळी मापं ओके. दुसऱ्या पानावर एक फोटो: एम4च्या ब्लाइंड होलच्या (आरपार न जाणाऱ्या आट्याच्या भोकाच्या) तळाशी, अतिनील दिव्याखाली, निळसर चमकणारा एक ठिपका. धातू कापताना सोडतात त्या कूलंटचं तेल. रिजेक्ट.

आमचा सेटर गुजराती आहे. त्याने रिपोर्ट दोनदा उलटसुलट केला आणि म्हणाला, "शेठ, माप तो बधां ओके छे, तो पछी रिजेक्ट केम?"

केम ते मला नंतर कळलं. व्हॅक्यूममध्ये तो तेलाचा अंश हळूहळू वाफ होऊन सुटतो आणि यंत्रातल्या आरशांवर-भिंगांवर जाऊन बसतो. वर प्रखर अतिनील प्रकाश पडला की त्याचा कार्बनचा थर होतो. ज्या आरशाला जर्मनीची झाइस कंपनी अणूंच्या हिशेबात घासते, त्यावर बडोद्याचं कूलंट. आम्ही प्लेट थिनरने धुतली होती, आयपीए अल्कोहोलने पुसली होती आणि साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली होती. पिशवीतूनही वाफा सुटतात, हे तेव्हा माहीत नव्हतं.

आता ज्या धंद्यात शिरायचं म्हणतोय, तो कसा आहे हे थोडं सांगतो. आपल्याला हे माहीत असणारच, पण बाजारात आमच्या उंचीवरून ते वेगळं दिसतं.

अतिसूक्ष्म चिपसाठी लागणारं ईयूव्ही, म्हणजे अतितीव्र अतिनील प्रकाशाचं, लिथोग्राफी यंत्र जगात एकटी नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला 50,000च्या वेगाने सोडायचे, त्यांवर लेसर मारायचा आणि त्यातून 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश काढायचा. अशा यंत्रात लाखभर सुटे भाग असतात. या कंपनीची 2024ची विक्री 28.3 अब्ज युरो होती. ऐकायला छान वाटतं. पण त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला तिचे तिमाही आकडे चुकून एक दिवस आधी वेबसाइटवर पडले. नव्या ऑर्डरी फक्त 2.6 अब्ज युरोच्या, अपेक्षेच्या निम्म्या. शेअर एका दिवसात 16 टक्के पडला. पुढच्याच तिमाहीत ऑर्डरी 7.1 अब्जांच्या! गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतल्या एकाने कारखाना सहा महिने पुढे ढकलला की इकडे ही उलथापालथ. 2024च्या पहिल्या सहा महिन्यांत तर एएसएमएलच्या यंत्रविक्रीचा जवळपास निम्मा वाटा चीनचा होता, आणि तो निर्यातबंदीच्या सावटाखाली साठवून ठेवण्यासाठी झालेला होता असं बरेच जण म्हणतात. तो ओघ कायमचा धरून कोण बसेल?

एएसएमएलला हे झटके पेलवतात. तिच्यासाठी ब्रॅकेट करणाऱ्या दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपला पेलवत नाहीत.

टीव्ही-लॅपटॉपच्या पडद्यांची गत तर आणखी लहरी. पडद्यांच्या काचेवर सर्किट छापणारी मोठी यंत्रं मुख्यतः निकॉन आणि कॅनन या दोन जपानी कंपन्या करतात. काचेच्या आकाराला 'पिढी'चा आकडा असतो; 10.5 पिढीची काच 2940 बाय 3370 मिलिमीटर असते. माझ्या वर्कशॉपचं शटर नऊ फुटी. ती काच आत येणारच नाही. 8.6 पिढीची 2290 बाय 2620ची कशीबशी येईल. या 8.6 पिढीच्या ओएलईडी लाइनसाठी सॅमसंग डिस्प्लेने एप्रिल 2023मध्ये 4.1 लाख कोटी वॉन जाहीर केले, आणि त्याच नोव्हेंबरात चीनच्या बीओईने 6,300 कोटी युआन. बास, दोन घोषणा झाल्या आणि निकॉन-कॅननच्या त्या खात्यात पुन्हा जान आली. मधली काही वर्षं सुकाळानंतरची सुस्ती होती. हा पंगतीचा धंदा आहे. पंगत बसली की वाढपी कमी पडतात, उठली की बल्लव रिकामा बसतो.

मग यात पडायचं कशाला, असं माझा धाकटा भाऊ विचारतो. (तो सोलरच्या स्ट्रक्चरमध्ये आहे आणि खाऊनपिऊन सुखी आहे.)

माझं उत्तर असं. एएसएमएलच्या त्या 28.3 अब्जांपैकी 6.5 अब्ज युरो आधी बसवलेल्या यंत्रांची देखभाल, सुटे भाग आणि सुधारणा यांतून आले. हा पैसा लाटेबरोबर एवढा वरखाली होत नाही, कारण बसवलेलं यंत्र चालूच राहतं. 1991 साली बाजारात आलेल्या पीएएस 5500 मालिकेची जुनी यंत्रं ती कंपनी आजही दुरुस्त करून विकते. इथंच गुजरातेत धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून 91,000 कोटींचा कारखाना उभारताहेत, महिन्याला 50,000 वेफरचा (वेफर म्हणजे चिपा छापायची सिलिकॉनची चकती), 28 ते 110 नॅनोमीटरच्या चिपांसाठी. त्याला ईयूव्ही लागत नाही, आधीच्या पिढीची 193, 248 आणि 365 नॅनोमीटरची यंत्रं लागतात. ती एकदा धोलेऱ्यात बसली की वीस-तीस वर्षं तिथंच राहणार, आणि त्यांच्या प्लेटा, क्लॅम्प, नळ्या, सील झिजतच राहणार. आज त्यातला प्रत्येक भाग विमानाने येईल. बडोद्याहून तो टेम्पोने जाऊ शकतो.

परिसंवादांत नेहमी एक प्रश्न येतो: भारताचं स्वतःचं लिथोग्राफी यंत्र कधी? मला तो प्रश्न लग्नाआधीच नातवाचं नाव ठरवण्यासारखा वाटतो. एएसएमएलला वेफर हाताळणारे भाग पुरवणारी व्हीडीएल ही कंपनी 1953 साली एका डच गावातलं धातुकामाचं वर्कशॉप म्हणून सुरू झाली होती. अशी वर्कशॉपं आपल्या मकरपुऱ्यात आणि जवळच्या पोर, सावली या गावांत रांगेने आहेत. एअरबसच्या सी-295 विमानांची जुळणी आमच्या गावात होते, म्हणजे अचूक काम इथल्या हाताला नवीन नाही. अडतं ते धुण्यात, आणि धुतलंय हे सिद्ध करण्यात.

म्हणून माझी पहिली आणि खरं तर एकुलती मोठी मागणी ही: बडोद्यात सामायिक सफाई आणि तपासणी केंद्र द्या. अतिशुद्ध पाण्याची अल्ट्रासॉनिक लाइन, व्हॅक्यूम ओव्हन, हेलियम लीक टेस्ट, भागातून कोणते वायू सुटतात ते मोजणारा अ‍ॅनलायझर, आणि धूळ नसलेल्या क्लीनरूममध्ये दुहेरी पिशवीत पॅकिंग. पैसे देऊन वापरू, फुकट नको. माझ्यासारख्याने एकट्याने हे उभारायचं म्हटलं तर सातही मशीन विकावी लागतील, वडिलांचा लेथ धरून. त्या लाइनवर बसणारा माणूसही महत्त्वाचा. नुसती इमारत आणि कोनशिला झाली तर तिथं कबुतरं राहतील. असली एक-दोन केंद्रं मी पाहिली आहेत.

जागा? कलाभवनाचा विचार करा. सयाजीराव महाराजांनी 1890 साली ते काढलं, आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग शाखा आहे. दादासाहेब फाळके सिनेमाच्या कितीतरी आधी तिथं चित्रकला शिकले, आणि प्राचार्य गज्जरांनी त्यांना फोटोलिथो वगैरे शिकायला रतलामला धाडलं. लिथोग्राफीला आपले जुने लोक शिळाछाप म्हणत. दगडाच्या जागी सिलिकॉन आलं, एवढंच. ही तुलना ताणलेली आहे हे मला कळतं, पण बडोदेकराला कलाभवनाचं नाव काढल्याशिवाय अर्ज पुरा झाल्यासारखं वाटत नाही.

दुसरं, उधारीचं. लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांत भागवायचा कायदा आहे, चांगला आहे. पण तो बिल झाल्यावर लागतो. या धंद्यात नमुना, पुन्हा नमुना, ऑडिट, पुन्हा नमुना असं करत बिल होईपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. तेवढ्या काळात मटेरियल माझं, मशीनचे तास माझे, व्याज माझं. केंद्र सरकार या कारखान्यांना प्रकल्पखर्चाच्या 50 टक्के मदत देतंय. मग त्यांना एवढी तरी अट घाला की वर्षातून एकदा झिजणाऱ्या भागांची यादी उघड करा आणि त्यातल्या काहींच्या चाचणी ऑर्डरी, नाकारल्या तरी मजुरी देऊन, इथल्या वर्कशॉपांना द्या. नाकारल्याचं कारण मात्र लेखी हवं. त्या निळ्या ठिपक्याच्या फोटोने मला जेवढं शिकवलं, तेवढं एकाही सेमिनारने शिकवलं नाही.

त्या कंपनीने दुसरा नमुना पाठवायला सांगितलं आहे. यावेळी भोकं ब्लाइंड न ठेवता आरपार करू का, असं मी विचारलं. ड्रॉइंग बदलणार नाही असं उत्तर आलं. म्हणून प्लेटा इथं कापून धुण्यासाठी बंगळूरला पाठवतोय. जायला-यायला आठ दिवस, आणि ट्रान्सपोर्टचा खर्च प्लेटेच्या मजुरीहून जास्त.

कळावे,
आपला नम्र,
एक वर्कशॉपवाला
मकरपुरा जीआयडीसी, बडोदा