वाटा मिळाला, आबा

आबांनु,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर मोचेमाडच्या किनाऱ्यावर तुमची थट्टा होईल आणि तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलणार नाही. नात मोबाईलवर हे वाचून दाखवायला लागली की "ह्यां माज्याबद्दल न्हय" म्हणून तिला खुशाल गप्प करा. पण मला लिहायचंच आहे. तोंडावर आभार मानायला गेले होते एकदा, तर तुम्ही "जाळ्याक भोक पडलां हा" म्हणून उठून गेलात.

नवरा गेला तेव्हा आम्ही मुंबईत होतो. आजाराचं, हॉस्पिटलचं, कागदांचं पुराण नको. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना ते ठाऊक आहे. माणसांचं मात्र सांगते. दहाव्या दिवशी सोसायटीतले एक गृहस्थ आले, दोन मिनिटं मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "वहिनी, पार्किंगची जागा आता रिकामीच राहणार ना?" त्यांचा मला राग नाही. निदान मनातलं बोलले. राग आहे तो आमच्या चर्चमधल्याच लोकांचा, ज्यांच्याबरोबर मी वीस वर्षं एका बाकावर बसून मिस्सा ऐकली. कोणी म्हणालं, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. कोणी म्हणालं, तुझी परीक्षा चाललीय. एका प्रार्थनासभेत तर एका वक्त्याने सगळ्यांदेखत विचारलं की आजारपणात तुमचा विश्वास कुठे कमी पडला याचा कधी शोध घेतलात का. मी पर्स उचलली आणि बाहेर आले. त्यानंतर पंधरा महिने ना मिस्सा, ना रोझरी, ना जेवणाआधी क्रुसाची खूण.

आणि ती चित्रं! रोज सकाळी फोनवर सूर्योदय यायचा, त्यावर बायबलमधलं एक वचन, खाली दोन गुलाब. "निसर्गात देव पाहा." पाहत होते की. पाच इंची काचेवर देव मावत असेल तर मला तो दिसत नव्हता एवढंच.

मग वेंगुर्ल्याला माहेरच्या घरी येऊन राहिले. समुद्र हाकेवर, तरी पहिले काही आठवडे त्या बाजूची खिडकी लावूनच बसायची. त्याचा आवाज सहन होत नसे. ज्याला काही झालेलं नाही असा तो एकटाच होता.

नोव्हेंबरातली ती सकाळ तुम्हाला आठवणार नाही, कारण तुमच्या दृष्टीने त्यात आठवण्यासारखं काही घडलंच नाही. रात्रभर झोप नव्हती म्हणून उजाडता उजाडता किनाऱ्यावर आले होते. होडीने अर्धगोल करून जाळं टाकून झालं होतं, दोन्ही बाजूंची माणसं दोऱ्या ओढत होती. मी लांब उभी. आमच्या लहानपणी एका रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायच्या अशा जाळ्याला, पन्नास-साठ माणसं असायची. त्या दिवशी दोन्ही बाजू मिळून पंचवीसही नव्हती. तुम्ही मागे वळून पाहिलंत आणि ओरडलात, "गो बाय, उबी रवान काय बगतंस? दोरी धर!"

कोण, कुठली, काय झालंय, काही नाही. दोरी धर.

मी चपला काढल्या आणि दोरीच्या अगदी शेवटाला जाऊन उभी राहिले. ओली, खरखरीत, वाळूने भरलेली दोरी. दहा मिनिटांत तळहात सोलले. तुम्ही पुढून आवाज देत होतात, सगळे एकदम मागे रेलत होते, दोरी वीतभर यायची, परत थोडी जायची. दोन तास. दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू जवळ जवळ येत गेली आणि शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर आलं. फार नव्हतं त्यात. बांगडे, थोडे पेडवे, एक-दोन लेपे, बाकी शेवाळ. वर घारी फिरत होत्या आणि थंडीत येतात ते कुरव पाण्याच्या काठावर हक्काने येऊन बसले होते. बायकांनी टोपल्या भरल्या, वाटे पडले. मी चपला हातात घेऊन निघाले होते.

"खय चललंस? वडलंस मा? मगे वाटो नको?"

मी म्हटलं, मी काय, सहज हात लावला. तुम्ही ऐकलंच नाहीत. पाच बांगडे वेगळे काढलेत. "पिशयी हाडलंस नाय?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता पडलेल्या झावळीतला एक हीर ओढलात, त्याची पात नखाने सोलून काढलीत आणि एकेका बांगड्याच्या कल्ल्यातून तोंडाकडे तो ओवत गेलात. पाचवा ओवल्यावर टोकाला गाठ मारलीत आणि ती माळ माझ्या सोललेल्या हातात दिलीत. हीर बोटात रुतू नये म्हणून तो जिथे धरायचा तिथे मुंडाश्याच्या फाटक्या काठाची चिंधी गुंडाळलीत. मी ती चिंधी ठेवली आहे, आबा. धुतली, तरी वास गेला नाही.

एवढंच. याच चिंधीसाठी हे पत्र.

घरी आले तर प्रश्न पडला: मासे वाट बघत नाहीत. कित्येक महिने मी पेज, बिस्किटं आणि चहा यांवर दिवस काढत होते. पण हिरावर ओवलेले पाच ताजे बांगडे ओट्यावर असताना स्वतःची कीव करत बसता येत नाही, ते साफ करावे लागतात. केले. मिरच्या भिजत घातल्या, वाटण वाटलं, फडताळात आईच्या वेळची तिरफळं सापडली ती ठेचून घातली. बांगड्याचं तिखलं झालं. ताट वाढून बसले आणि हात आपोआप कपाळाला गेला, मग छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. मी नव्हता नेला. हातानेच जाऊन यावं तसा जाऊन आला. मग मात्र जेवण अर्धं टाकून मी पोटभर रडले, आणि पुन्हा बसून उरलेलं सगळं खाल्लं.

त्या दिवसापासून मी किनाऱ्यावर यायला लागले. रापण नसली तरी. तुम्हीच सांगितलंत, तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ कळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. माझ्या घरातलं सगळं घड्याळ मोडून पडलेलं असताना हा एक पाढा रोज बरोबर येत होता. मला वाटतं माझा विश्वास आधी त्या पाऊणकीवर बसला, देवाचं नंतर पाहू.

ओहोटी लागली की ओल्या वाळूवर त्या बारीक कुर्ल्या बाहेर येतात. एक दिवस मी गुडघ्यांवर बसून एकीलाच तासभर पाहिलं. नखाएवढा जीव. वाळू उचलायची, तोंडाशी न्यायची, त्यातलं खाण्याजोगं काय ते चाळून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून पायांमागे सारायची. पुन्हा उचलायची. बिळाभोवती या गोळ्यांची किरणांसारखी रांगोळी होत जाते, पण बिळाकडे पळायला एक वाट मात्र ती मोकळी ठेवते. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं. त्याच्या पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्या गोळीपासून. कोणी तिला म्हणत नाही, तुझी परीक्षा चाललीय.

आणि मर्यादवेल. लहानपणी नाव ऐकलं होतं, अर्थ डोक्यात शिरला नव्हता. आपट्यासारखी पानं, जांभळट गुलाबी फुलं, उपटायला गेलं तर हातभर लांब निघते. जूनमधला समुद्र तिचा अर्धा पसारा ओढून नेतो आणि पाऊस सरला की ती पुन्हा वाळूवरून समुद्राच्या दिशेने सरपटत निघते, जिथवर जाता येईल तिथवर. तिच्या अलीकडे माणसाचं, पलीकडे समुद्राचं.

तिच्यापाशी बसलेले असतानाच मला ईयोब आठवला. आमच्या शास्त्रातला हा माणूस, आबा. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र भेटायला आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर फार चांगले होते. आठव्या दिवशी बोलायला लागले आणि सगळं नासवलं: तुझं काहीतरी चुकलं असणार, त्याशिवाय का? माझे मुंबईचे लोक डोळ्यांसमोर येतात ना? शेवटी देव स्वतः बोलतो. आणि ईयोबच्या "का?" ला उत्तर देतच नाही! समुद्र दाखवतो, त्याला दारं आणि अडसर कोणी लावले, इथवर ये आणि पुढे नको असं कोणी सांगितलं, ते विचारतो. पहाटतारे दाखवतो, रानगाढव दाखवतो, शहामृग दाखवतो. लहानपणी मला हे उत्तर टाळणं वाटायचं. आता वाटतं, त्याने ईयोबला घराबाहेर काढलं आणि हातात दोरी दिली. का गेला माझा नवरा, हे मला अजून कळलेलं नाही. त्या मित्रांच्या पानांपेक्षा मला ती शहामृगाची पानं जास्त खरी वाटतात, इतकंच.

मेमध्ये मी पुन्हा मिस्सेला गेले. मागच्या बाकावर, कोणी विचारू नये म्हणून. पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, तिसरा रविवार होता आणि वाचन होतं तिबिर्याच्या समुद्रकाठचं. शिष्य रात्रभर जाळं टाकून बसलेत, हाताला काही लागलेलं नाही. काठावर येशू उभा, पण ते त्याला ओळखत नाहीत. तो म्हणतो, जाळं होडीच्या उजवीकडे टाका. टाकतात आणि जाळं ओढवत नाही. काठावर येऊन बघतात तर त्याने निखारे पेटवून ठेवलेत, वर मासा, बाजूला भाकर. म्हणतो, या, न्याहारी करा. ज्यांनी काही दिवसांपूर्वी त्याला टाकून पळ काढला त्यांच्याशी बोलायचं होतं बरंच, पण आधी खाऊ घातलं, मग बोलला.

मी बाकावर बसून हसत होते. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. त्या गोष्टीत मासे १५३ असल्याचं लिहिलंय आणि या आकड्यावर विद्वानांनी शतकानुशतकं डोकं खाजवलंय. संत ऑगस्टिन म्हणाले, १ पासून १७ पर्यंतच्या आकड्यांची बेरीज १५३ होते, म्हणून त्यात गूढ आहे. असेल बुवा. पण आबा, तुम्ही असतात तर लगेच सांगितलं असतंत की मासे कशासाठी मोजतात. वाटे घालायला! त्यात दोरीच्या टोकाला उभं राहणाऱ्या कोणाचा तरी वाटा होताच.

पुढे केव्हातरी तुम्हाला माझ्या नवऱ्याचं कळलं, कोणाकडून ते ठाऊक नाही. त्यावर तुम्ही एकदाच बोललात, तेही जाळं शिवता शिवता, वर न बघता: "सातेरीक गाराणां घातलंय तुज्यासाटी." आमच्यातल्या काहींना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांना माझं एकच सांगणं आहे: "प्रार्थना करते हं" असं मला पन्नास जणांनी म्हटलं. गावदेवी सातेरीच्या देवळात चालत जाऊन, माझं नाव घेऊन, माझ्यासाठी बोलणारा माणूस मला हा एक भेटला. येशू माझा आहे, सातेरी तुमची आहे, आणि त्या सकाळी माझ्या हातात मासे कोणी ठेवले यावर त्यांनी आपसात काय ते ठरवावं.

चांगुलपणाचं असंच असतं की काय कोण जाणे, तो करणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले आपले कवी रेव्हरंड टिळक. आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि तिथून त्यांचं आयुष्य वळलं, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतून उतरलेला तो माणूस पुढे कुठे गेला, आपल्याला पत्ता नाही. आमच्या वस्तीच्या गाडीचा कंडक्टर म्हातारीला धावताना बघून बेल मारत नाही, तोही कुठल्या पुस्तकात येणार नाही. अशा माणसांना पत्रं लिहिली पाहिजेत. पोचतील न पोचतील.

पर्ससीनवर, म्हणजे यांत्रिक होड्यांनी मोठा घेर घालून मासे ओढणाऱ्या जाळ्यांवर, २०१६ साली निर्बंध आले तरी तुमचं जाळं पूर्वीसारखं भरत नाही, हे मी आता दोरीवर जोर किती लागतो त्यावरून ओळखते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि तुम्ही पडवीत जाळी शिवत बसता तेव्हा चेहरा बघवत नाही. त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही आणि उपदेश तर मुळीच नाही. दोन हात आहेत, त्यांना आता घट्टे पडले आहेत.

परवा चतुर्थी. चार पाऊण तीन. भरती तीनला, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमाराला. मी सातलाच येते. पिशवी आणत नाही.

तुमची,
दोरीच्या शेवटाची बाय