डोक्यावर छत, पायाखाली फुटपाथ

सिंगापूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, "तिथल्या उन्हात मला चालवायचं नाही" म्हणून येणं पुढे ढकलू नकोस. आमच्या बिल्डिंगचा तळमजला मोकळाच आहे. तिथून निघालं की खांबांवरचं छत थेट मेट्रो स्टेशनापर्यंत. २०१३ मध्ये सरकारने ठरवलं, की स्टेशनापासून ४०० मीटरच्या आतल्या शाळा, दवाखाने वगैरे छताच्या वाटांनी जोडायचे. २०१८ पर्यंत अशा २०० किलोमीटर वाटा झाल्या. मला पटतं ते एवढंच, की छत मध्येच तुटत नाही. आपल्याकडे दहा पावलं फुटपाथ, मग विजेची डीपी, मग कुणाची तरी मोटरसायकल!

बाबा विचारतील, छताने गारवा येतो का? नाही. ऊन लागत नाही, इतकंच. दमटपणा मुंबईचाच, तोही बारा महिने. गार वाटतं ते झाडांखाली. १९६७ साली तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी शहराची बाग करायचं मनावर घेतलं, तेव्हापासून लावलेली झाडं आता रस्त्यावर मांडव धरतात. त्यांत आपल्याकडेही दिसतात ते रेन ट्री पुष्कळ. पादचारी पुलांच्या कठड्यांवरून बोगनवेल लोंबते. छत आणि झाड दोन्ही हवीत. नुसत्या छताचं कौतुक मी करणार नाही.

ही कल्पना जुनीच. इथे ब्रिटिशांची वसाहत वसवणाऱ्या रॅफल्सने १८२२ मध्ये दुकानांपुढे सलग, सर्वांना खुली पडवी ठेवायला लावली होती. त्यात दुकानदारांनी माल मांडला, आणि म्युनिसिपालटी तो हटवायला गेली तेव्हा १८८८ मध्ये चक्क दंगल झाली. म्हणजे फेरीवाल्यांचं भांडण इथेही होतंच! बाबा, तुम्हीही फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून, पथाऱ्या चुकवत, भर जुलैत ऑफिसला जायचातच की.

इथला पाऊस मात्र तिरपा येतो आणि छत उंच असेल तिथे गुडघ्यापर्यंत भिजवतो. फरशीही निसरडी होते. तेव्हा आई, त्या गुळगुळीत तळाच्या चपला आणू नकोस. मुलांना जूनमध्ये सुट्टी आहे. बाबा, पासपोर्टची मुदत बघून कळवा, म्हणजे तिकिटं काढते.

तुमची,
नीता