चिनी ड्रॅगनच्या तोंडात जाळ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपंचमीपासून गणेशोत्सवापर्यंत मुलांच्या पुरवण्यांत आणि मंडळांच्या देखाव्यांत चिनी ड्रॅगन म्हणून जो प्राणी दिसतो, त्याला वटवाघळाचे पंख असतात आणि तोंडातून जाळ निघतो. तो युरोपातला. चिनी ‘लुंग’ पाण्याचा धनी आहे. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन यांनी रचलेल्या कोशात म्हटले आहे, की तो वसंतसंपाताला (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा) आकाशात चढतो आणि शरदसंपाताला (सप्टेंबरमध्ये) खोल डोहात उतरतो.

त्याच कोशात ‘ज्याओ’ हा त्याचा भाऊबंद आहे. तळ्यातले मासे ३,६०० झाले की ज्याओ येऊन त्यांचा म्होरक्या होतो आणि सगळे मासे घेऊन उडून जातो. उपायही तिथेच दिला आहे: मासे धरायची बांबूची टोपली पाण्यात लावून ठेवा, म्हणजे ज्याओ निघून जातो. हा काही गरीब प्राणी नव्हे. डोंगरातून अचानक लोंढा आला की ‘ज्याओ निघाला’ म्हणत आणि तो अडावा म्हणून काही ठिकाणी पुलाखाली लोखंडी तलवार टांगत. पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारत रात्र काढणाऱ्या सांगलीकरांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

पाऊस लुंगवांग, म्हणजे नागराजा, देतो. तो ओढ देऊ लागला की गावकरी त्याची मूर्ती देवळातून काढून उन्हात ठेवत. चटका त्यालाही कळू दे! आपण देव पाण्यात घालून बसतो, त्याच्या बरोबर उलट.

‘नागराजा’ हा शब्द आमच्या पदरचा नाही. संस्कृत बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना ‘नाग’साठी ‘लुंग’ हाच शब्द योजला गेला. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने ४०६ साली केलेल्या ‘सद्धर्मपुंडरीक’ या सूत्रग्रंथाच्या अनुवादात आठ लुंगवांग आहेत, त्यांत वासुकी आणि तक्षकही आहेत. नागपंचमीसाठी प्रसिद्ध बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात तरी ही ओळख पटावी.

देखावा करणाऱ्यांसाठी: शिंगे हरणाची, डोके उंटाचे, मान सापाची, कान बैलाचे, नख्या गरुडाच्या, पंजे वाघाचे, खवले कार्प माशाचे. खवले ८१ म्हणजे नऊ नवे. डोक्यावर ‘छिमू’ नावाचा उंचवटा हवाच, त्याशिवाय लुंगला वर चढता येत नाही, अशी समजूत आहे. नख्या मोजून काढाव्यात: मिंग-छिंग राजवटींच्या काळात एका पंजाला पाच नख्यांचा लुंग सम्राटाचा, चारांचा सरदारांचा. पंख नकोत, तो पंखांविना उडतो. आणि जाळ तर मुळीच नको, कारण चिनी इमारतींच्या आढ्याच्या टोकांना ‘छिवन’ नावाचा याच कुळातला प्राणी बसवतात, तो आगीपासून रक्षण व्हावे म्हणून. कारंजाची नळी तोंडात बसवली तर मात्र चालेल.

चित्राखाली ‘राक्षस’ छापण्याऐवजी ‘जलनाग’ छापावे, एवढी विनंती.

– काही वाचक, सांगली