‘ए’ प्रमाणपत्राची जुनी रिळं भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात एकपडदा थिएटर पाडून संकुल उभं राहतं तेव्हा यंत्राला गिऱ्हाईक मिळतं, खुर्च्यांनाही मिळतं. ऑपरेटरच्या खोलीतली प्रिंटची पेटी मात्र चांदी काढून घेण्यासाठी भंगारात जाते. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीचंच असतं, म्हणून कृष्णधवल रिळं आधी जातात. त्यातून डब्यावर ‘ए’ लिहिलेलं असेल तर कुणी थांबवतही नाही. ‘असले’ चित्रपट कशाला जपायचे, असं मालकाला वाटतं. आमची विनंती नेमकी याच डब्यांसाठी आहे.

खून, गुप्तहेर, भरवसा ठेवता येणार नाही अशी बाई आणि रात्रीची गल्ली यांवर उभे राहिलेले, अपुऱ्या पैशांत काढलेले प्रौढांसाठीचे चित्रपट, हा जगभरचा प्रकार आहे. साचा 1940च्या दशकातल्या अमेरिकन रहस्यपटांचा. त्यांना ‘फिल्म नुआर’ हे नाव नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकानं 1946 मध्ये दिलं. आपल्याकडे तो साचा 1950च्या दशकातच रुळला. ‘बाजी’ 1951चा, ‘सी.आय.डी.’ 1956चा, आणि अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला त्यातलं काहीच परकं नव्हतं. अमेरिकेत जुनी नैतिक संहिता 1968 मध्ये गेल्यावर प्रौढांच्या चित्रपटांनीही हाच सांगाडा उचलला. बॉब चिन यांनी तर एक खासगी गुप्तहेर घेऊन 1970च्या दशकात मालिकाच काढली.

हाच साचा का, याचं उत्तर हिशेबात आहे. अंधाराला सेट लागत नाही. एकच कडक दिवा बाजूनं लावला आणि सावली उजळणारा दुसरा दिवा लावलाच नाही, की खोलीचा निम्मा भाग बांधायचा वाचतो. खिडकीच्या पट्ट्यांची सावली हवी असेल तर खिडकी लागत नाही, पट्ट्या कापलेला पुठ्ठा पुरतो. मात्र तो दिव्यापासून लांब आणि भिंतीजवळ धरावा लागतो, शिवाय दिवा लहान तोंडाचा हवा. मोठ्या तोंडाच्या दिव्यासमोर पुठ्ठा धरला तर कडा विरघळतात आणि भिंतीवर नुसता राखाडी डाग पडतो. रस्त्यावर पाणी मारलं की एक दिवा दोनदा दिसतो. धुरानं मागची रिकामी जागा झाकली जाते. जॉन आल्टन या छायाचित्रकारानं ‘द बिग कॉम्बो’चा (1955) शेवट धुक्यात घेतला आहे. पाहणाऱ्याला विमानाचं हँगर जाणवतं, पडद्यावर मात्र धुकं आणि दोन आकृत्या याशिवाय फारसं काही नसतं.

आवाजाचंही तसंच. गुप्तहेर पडद्यामागून बोलतो ते शैली म्हणून खरं, पण त्यानं जागेवर आवाज टिपायचा खर्चही वाचतो. डोरिस विशमन या दिग्दर्शिकेनं 1960च्या दशकातले आपले प्रौढपट मुके चित्रित करून नंतर आवाज भरला. ओठ जुळत नाहीत हे लपवायला त्या मधेच पाय, दिवा, राखदाणी असं काहीतरी दाखवत. लोक त्याला वेडेपणा म्हणत. आम्हाला तो कामाचा उत्तम उपाय वाटतो.

हे सगळं शिकायचं तर प्रिंटच हवी. व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या प्रतीत काळ्यातला तपशील गिळला जातो, आणि या चित्रपटांची सगळी कारागिरी काळ्यातच असते. परदेशात गेलेली प्रदर्शनाची एखादी प्रतही किती मोलाची ठरते बघा. एडगर उल्मर यांचा ‘डीटूर’ (1945) हा अत्यंत कमी खर्चातला नुआर. 2018 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हा बेल्जियमच्या संग्रहालयातली प्रत उपयोगी पडली.

आता रीळ हातात आलं तर काय करायचं ते. सगळ्यात आधी ते यंत्रावर चढवू नका. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया, म्हणजे चित्र ज्यावर असतं ती प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागला आहे, आणि त्यातून सुटणारं आम्लच पुढची कुज वाढवतं. म्हणून तो डबा बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळा करा. फिल्मच्या कडांना लाटा, कडेला पांढरी भुकटी, थर एकमेकांना चिकटणं या पुढच्या पायऱ्या. वळी बाजूनं उजेडासमोर धरली आणि आरपार उजेड दिसला तर ती पॉलिएस्टर आहे, तिला हा रोग होत नाही. 1951च्या आधीची फिल्म असेल तर ती नायट्रेट असू शकते आणि नायट्रेट पेटतं. ती एसटीत, रेल्वेत घालू नका, आधी संग्रहालयाला कळवा.

आकसण्याची परीक्षा घरच्या मोजपट्टीनं होते. 35 मिमी प्रिंटच्या 100 चौकटी टेबलावर ताण न देता सपाट ठेवा. नव्या फिल्मची लांबी 190 सेंमी भरते. 188 च्या आसपास भरली तर फिल्म एक टक्का आकसली. अशी फिल्म कुठल्याही प्रोजेक्टरवर लावली की दात भोकांत बसत नाहीत आणि कडा फाटत जातात. 16 मिमीच्या 100 चौकटी 76.2 सेंमी, तिथं पाऊण सेंमीचा फरक म्हणजे एक टक्का.

साफसफाईचा उत्साह आवरा. जुने ऑपरेटर सीटीसीनं (कार्बन टेट्राक्लोराइड) फिल्म पुसत, ते यकृताला घातक आहे. बुरशीवर पाणी लावलं तर जिलेटिन सुटून चित्रच निघून येतं. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. कोरड्या मखमलीनं धूळ टिपा, बाकीचं जाणकारांवर सोडा.

साठवण हा आपल्या भागातला खरा प्रश्न. 21 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेत नव्या ॲसिटेटला आंबूस वास यायला सुमारे 40 वर्षं लागतात. आपल्या पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. माळवदाच्या घरातली तळमजल्याची, जाड भिंतीची खोली पत्र्याच्या गाळ्यापेक्षा कितीतरी बरी. मात्र माळवदाची माती गळते, म्हणून डब्यांवर सुती कापड हवं. बळदात ठेवू नका, पावसाळ्यात तिथं ओल धरते. डबे आडवे, जमिनीपासून वीतभर वर, एकावर एक सहापेक्षा जास्त नकोत. गंजका डबा बदला. हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळणं हे चांगल्या हेतूनं होणारं सगळ्यात मोठं नुकसान, कारण आम्लाची वाफ आतच कोंडते.

रंगीत प्रिंट गुलाबी पडली म्हणून टाकू नका. निळा-हिरवा रंग आधी उडतो, पण त्याचा माग उरलेला असेल तर स्कॅन करून बराच परत आणता येतो.

जोड कापून ‘स्वच्छ’ करायचा मोह टाळा. या प्रिंटमध्ये मधेच प्रमाणपत्राबाहेरचे तुकडे जोडलेले सापडतात. ते दाखवणं गुन्हा आहे, मोबाइलवर टिपून फिरवणंही. त्यात दिसणाऱ्या बायकांची त्याला संमती होती का, हे कुणालाच माहीत नसतं. तुकडा आहे तसा राहू द्या आणि कितव्या रिळात, सुरुवातीपासून किती फुटांवर आहे ते वहीत लिहा. 35 मिमीचे 90 फूट म्हणजे एक मिनिट, 16 मिमीचे 36 फूट. सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्राच्या चौकटीचा फोटो जरूर घ्या. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी असते, आणि खालच्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर चित्रपटाला काटछाट करून मंजुरी मिळाली होती. प्रत्यक्ष रिळं मोजून त्याच्याशी ताडून पाहिलं की काय गेलं आणि काय घुसवलं ते कळतं.

प्रिंट तुमच्या ताब्यात आहे म्हणजे चित्रपटाचे हक्क तुमचे होत नाहीत. वितरणाच्या नकाशात मराठवाडा निझाम सर्किटमध्ये मोडत आला, त्यामुळे बऱ्याच पेट्यांवर हैदराबादच्या वितरकांचे शिक्के असतात. ते खरवडू नका, मूळ मालकाचा माग तेवढाच उरलेला असतो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून चित्रपट जपत आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. नाव, भाषा, रिळांची संख्या, फिल्मची रुंदी, वास येतो की नाही आणि प्रमाणपत्राचा फोटो, एवढं पत्रात लिहून पाठवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत पेटी उन्हातून हलवू नका. न्यायचीच वेळ आली तर रात्रीच्या गाडीनं न्या.

आपले,
फिल्म प्रोजेक्शन आणि जतनाच्या कामातले काही वाचक
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी