शिक्षेआधीचा एक दिवस

मा. संपादक,
स. न.

ज्या कादंबरीत खुनी शोधायचा नसतो तिला गुन्हेगारी कादंबरी का म्हणावे, अशी शंका पुस्तक परीक्षणांतून अधूनमधून डोकावते. डेव्हिड बेनिऑफ यांची ‘द ट्वेंटी-फिफ्थ अवर’ ही 2001 सालची कादंबरी वाचल्यावर ही शंका मला अगदीच अपुरी वाटली, म्हणून हे पत्र.

न्यूयॉर्कच्या माँटी ब्रोगनला अमली पदार्थांच्या धंद्यापायी सात वर्षांची शिक्षा झाली आहे आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःहून तुरुंगात हजर व्हायचे आहे. शिक्षा सुनावताच पोलीस दोषी माणसाला घेऊन जातात हेच चित्र आपल्या मनात असल्यामुळे हा माणूस अजून मोकळा कसा, असे प्रथम वाटते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत मात्र, दोषी पळून जाणार नाही याची न्यायाधीशांना खात्री पटली, तर ठरलेल्या तारखेला आपणहून हजर होण्याची मुभा मिळू शकते. कादंबरीचा सारा ताण मला या मुभेतच दिसतो. दार उघडे आहे, पळता येते, आणि पळायचे की नाही हे त्याचे त्यालाच ठरवायचे आहे. त्यात 1 नोव्हेंबर 1987 पासून घडलेल्या संघीय गुन्ह्यांना तिथे पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधीची अटींवरची सुटका, नाही आणि चांगल्या वर्तनाची सूट वर्षाला फार तर 54 दिवसांची, म्हणजे सातांपैकी जवळजवळ सहा वर्षे आतच काढायची. हा हिशेब मनात ठेवून वाचले की मित्रांबरोबरच्या त्याच्या शेवटच्या मोकळ्या रात्रीतले साधे बोलणेही जड होऊन जाते.

अग्निशामक दलात जाण्याचे स्वप्न पाहिलेल्या या माणसाला लेखक निर्दोष ठरवू पाहत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्याचे दोघे मित्र, एक शिक्षक आणि एक रोख्यांचा व्यापारी, हेही त्याच्या धंद्याविषयी अजाण नव्हते. पोलिसांना खबर कोणी दिली, हा धागा त्यामानाने फिका आहे. तो नसता तरी कादंबरीचे काही अडले नसते.

स्पाइक ली यांचा 2002 चा चित्रपट पाहिलेल्या वाचकांनीही मूळ पुस्तक अवश्य वाचावे, आणि आपण आपल्या पुरवणीत अशा कादंबऱ्यांना जागा द्यावी, ही विनंती. चित्रपटावर 11 सप्टेंबरच्या हल्ल्याची गडद छाया आहे. पुस्तक त्याआधीचे असल्याने त्यात शहर नेहमीसारखे चालू राहते आणि माँटीचे दुःख त्याच्या एकट्याचेच उरते.

आपला,
एक नियमित वाचक