वकील मॅडम, तुम्ही आमची फाईल वाचलीत

वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, दादा कामाला लागला का, मायची शुगर चेक केली का, असं काहीतरी विचारता, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे मला माहितीये, पण औरंगाबाद खंडपीठात लीगल एडच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या पॅनलवर तुमच्यासारखं काम करणारे जे कोणी असतील त्यांनी हे स्वतःला लिहिलंय असंच समजावं.

ज्यांना आमची केस माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा मोठा भाऊ तापीकाठच्या एका केळीच्या बागेत सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी होता, आखाजी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) असं साल ठरलेलं, आणि उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशावरून मालकाशी त्याची बोलाचाली झालेली, ती अख्ख्या गावाने ऐकलेली. 2015 च्या उन्हाळ्यात रात्री पाणी भरायला गेलेल्या मालकाच्या भावाचा मोटारीच्या खोलीजवळ खून झाला आणि दोन दिवसांनी पोलीस दादाला घेऊन गेले, चौकशी करून सोडतो म्हणाले. 2017 ला जन्मठेप लागली. 2023 ला हायकोर्टाने निर्दोष सोडला. मधली सगळी वर्षं तो आतच होता, जामीन कधी मिळालाच नाही.

खालच्या कोर्टात आमचा वकील होता, नव्हता असं नाही, मायने बकऱ्या विकल्या, माझ्या सासरच्यांनी हातउसने दिले, पण एका तारखेला साहेब यायचे, पुढच्या तारखेला त्यांचा ज्युनिअर, त्याच्या पुढच्या तारखेला कोणीच नाही. दोन साक्षीदारांच्या साक्षीखाली नुसतं 'उलटतपास नाही' असं लिहिलंय, म्हणजे आमच्या वकिलाने त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. त्याचा अर्थ काय होतो हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसून असायचो आणि संध्याकाळी एसटीने परत.

पैसे संपल्यावर जेलमधून अपील टाकता येतं हे दादाला आतल्याच एका म्हाताऱ्या कैद्याने सांगितलं. ते अपील हायकोर्टाच्या विधी सेवा उपसमितीकडे गेलं आणि तिथून तुमची नेमणूक झाली. खरं सांगते, सरकारने दिलेला वकील फुकटचा, तो काय करणार, असं गावात सगळे म्हणत होते, आमच्या घरातही तेच बोलणं होतं.

तुमची पहिली भेट मला अजून आठवते कारण तुम्ही मला काहीच आश्वासन दिलं नाही. आधीच्या सगळ्यांनी 'सुटेल हो, काळजी करू नका' म्हटलेलं. तुम्ही फक्त विचारलंत की पेपर बुक, म्हणजे केसच्या सगळ्या कागदांचा गठ्ठा, पूर्ण आहे का, आणि माझ्याकडे जे होतं ते चाळून म्हणालात की घटनास्थळाचा पंचनामा नीट दिसत नाही, प्रिंट उडालीये, मूळ रेकॉर्डवरून नक्कल काढून आणा. मी पारोळ्याला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते, दिवसभर कागदच हाताळते, त्यामुळे अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, नक्कल विभाग हे मला जमण्यासारखं होतं, पण नक्कल काढायची ती कुठली आणि कशासाठी हे एवढ्या वर्षांत कोणी बोललंच नव्हतं!

आणि त्या एका पानात सगळं होतं. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार शेजारच्या बागेतला, तो म्हणाला की रात्री मोटारीच्या खोलीच्या बल्बच्या उजेडात त्याने दादाला विळा घेऊन पळताना बघितलं. आणि पोलिसांनी स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या पंचनाम्यात खोलीत काय काय आहे ते एकेक लिहिलेलं, स्टार्टर, पाईप, खाट, बादली, आणि खाली स्पष्ट ओळ की आत किंवा बाहेर बल्ब किंवा उजेडाची दुसरी सोय नाही. हे पहिल्या दिवसापासून कोर्टाच्या रेकॉर्डवर होतं. पोलिसांच्या हाताखालून गेलं, आमच्या वकिलाच्या हाताखालून गेलं, कोर्टात वाचून दाखवलं असेल, त्यावर पुराव्याचा नंबर, म्हणजे निशाणी पडली असेल, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की मग हा माणूस बघतोय कुठल्या उजेडात.

मग तुम्ही बाकीचं उकलत गेलात. त्या साक्षीदाराचा जबाब घटनेनंतर जवळपास तीन आठवड्यांनी घेतलेला आणि उशीर का झाला ते कुठेच नाही. अटकेच्या वेळच्या अंगझडतीत दादाच्या कपड्यांवर डाग नाहीत असं लिहिलेलं, आणि नंतर घरातून जप्त केले म्हणून दाखवलेला शर्ट मात्र रक्ताचा. विळा जप्त करतानाच्या एका पंचाने तर साक्षीत सांगूनच टाकलेलं की माझी सही पोलीस स्टेशनला घेतली. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कायद्यात चालत नाही पण त्यातून काही वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, म्हणून सगळा डोलारा त्या विळ्यावर उभा होता हे तुम्ही मला हायकोर्टाच्या कॅन्टीनमध्ये कागदावर चित्र काढून समजावलंत, आणि मला वाटतं माझ्यासारखीला एवढं समजावणारी तुम्ही पहिलीच.

शर्टावरच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल तर दादाला कोर्टाने प्रश्नच विचारलेला नव्हता. कलम 313 चं स्टेटमेंट म्हणतात त्याला, पुराव्यात जे जे विरोधात आलं ते आरोपीला विचारायचं आणि त्याला खुलासा द्यायची संधी द्यायची. तुम्ही 1984 चा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सुप्रीम कोर्टाचा निकाल लावलात, त्यात आहे की जी गोष्ट आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्या विरोधात वापरता येत नाही, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी एवढी पक्की पाहिजे की आरोपी सोडून दुसरं कोणी करूच शकत नाही असं दिसलं पाहिजे. नुसता संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी बसत नाही. हा निकाल आपल्याच महाराष्ट्रातल्या केसचा, चाळीस वर्षं जुना, लॉ कॉलेजच्या पोरांना पाठ असतो म्हणे. मग खाली कसा आठवला नाही कोणाला?

तुम्ही नाशिक रोडच्या जेलमध्ये दादाला भेटायला गेलात याचे आभार वेगळे मानायचेत. तो अहिराणीत बोलतो, मराठी कळते पण साहेबांसमोर तोंडातून शब्द निघत नाही, आणि त्याच्या निकालाची प्रत इंग्रजीत. तुम्ही बसून त्याला तो निकाल परिच्छेद परिच्छेद करून सांगितलात. तो म्हणतो की मला पहिल्यांदा कळलं आपल्याला शिक्षा कशामुळे झाली. एवढी वर्षं शिक्षा भोगत होता आणि कारण माहिती नव्हतं, यावर मी काय लिहू.

मायला तुम्ही भेटलात तेव्हा ती तुमचा हात सोडत नव्हती, "बाई, मन्हा पोऱ्यानी काहीच करेल नही" एवढंच परत परत. आणि तुम्ही म्हणालात, मावशी, तुमचं म्हणणं मी कागदातूनच मांडणार, मला वेळ द्या. मायला ते आवडलं. आशा दाखवून पैसे मागणारे तिने खूप बघितले होते, वेळ मागणारं कोणी नव्हतं.

एकदा मी वैतागून विचारलेलं की हायकोर्टानेही चूक केली तर? तेव्हा तुम्ही त्या सहा जणांची गोष्ट सांगितलीत, भटक्या जमातीतले, नाशिकची 2003 ची खुनाची केस. खालच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप केली, आणि 2009 ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंवरून आधी वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, तो धागा कोणी धरलाच नाही. शेवटी 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने आपला निकाल बाजूला ठेवून सहाही जणांना निर्दोष सोडलं, सोळा वर्षांनी, आणि सरकारला प्रत्येकी 5 लाख द्यायला सांगितले. मी त्या रात्री झोपले नाही. भीतीही वाटली आणि धीरही आला, कारण सर्वात वरचं कोर्ट स्वतःची चूक मान्य करतं तर आमच्या केसमध्ये का होणार नाही.

आता जे मला आभाराच्या पत्रातही लिहावंसं वाटतं ते हे की तुमच्यासारखं कोणीतरी पहिल्या दिवशी पाहिजे होतं. सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच बिहारच्या भागलपूरच्या, पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं केलं तेव्हापासून आरोपीला मोफत वकिलाचा हक्क आहे आणि हे त्याला सांगायचं काम मॅजिस्ट्रेटचं. दादाला रिमांडच्या वेळी विचारलं असेल तर ते त्याला कळलं नाही. कस्टडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बायकांना मिळतो, आदिवासींना मिळतो, 1987 चा कायदा आहे, 15100 हा फोन नंबर आहे. मी हे आता दुकानात छापून चिकटवलंय. आणि आपल्या रावेरच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या खंडव्याची केस, अनोखीलाल नावाच्या आरोपीची, तिथे तर वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले आणि दोनेक आठवड्यात फाशी सुनावली. 2019 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं आणि सांगितलं की जिथे फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते तिथे मोफत वकील किमान दहा वर्षं प्रॅक्टिस केलेला पाहिजे आणि तयारीला त्याला निदान सात दिवस मिळाले पाहिजेत. सात दिवस! तुम्ही आमच्या तीनशे-साडेतीनशे पानांवर किती रविवार घातलेत ते तुमच्या पेन्सिलीच्या खुणांवरून दिसतं, आणि लीगल एडची फी किती मिळते हे मी नंतर ऐकलं तेव्हा मला राग आला, तुमच्यासाठी. हे काम चांगलं व्हायला पाहिजे असेल तर ते करणाऱ्याला नीट पैसे दिले पाहिजेत, कोणाच्या चांगुलपणावर आम्हा गरिबांचं आयुष्य सोडून चालणार नाही.

1 जुलै 2024 पासूनच्या नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं आहे. ते खरोखर झालं तर पोलीस स्टेशनला बसून सह्या घेतलेले पंचनामे कमी होतील. दादाच्या वेळी असतं तर तो विळा सापडला कसा ते सगळ्यांनी बघितलं असतं.

आणि सुटल्यानंतरचं. लोक म्हणतात सुटला ना, झालं ना. दादा आत गेला तेव्हा त्याची पोरगी बालवाडीत होती, आता ती त्याच्याशी अहो-जाहो करते. वहिनी माहेरी गेली ती परत आली नाही, मी तिला दोष देत नाही. भरपाईसाठी आपल्याकडे धड कायदाच नाही. विनाकारण अटक करायला लावली तर जास्तीत जास्त हजार रुपये असं जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात होतं. बिहारच्या रुदुल शाहला 1968 ला निर्दोष सोडल्यावरही चौदा वर्षं आत ठेवलं आणि 1983 ला सुप्रीम कोर्टाने दिले ते सगळे मिळून 35 हजार. लॉ कमिशनने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा रिपोर्ट दिला, त्यात चुकीच्या खटल्यात अडकवलेल्यांसाठी वेगळी कोर्टं आणि कायद्याने मिळणारी भरपाई सांगितलीये. तसा कायदा झाला असता तर दादाला भरपाई मागायला एक ठरलेली जागा असती. तुम्ही म्हणालात की करू, पण आधी त्याला जरा श्वास घेऊ द्या. तुमचं बरोबर होतं.

ज्यांचा माणूस गेला त्या घराबद्दलही लिहिते. त्यांच्याशी आमचं बोलणं नाही, पण त्यांनाही न्याय मिळालेला नाही. चुकीचा माणूस आत गेला त्या दिवशी तपास बंद झाला आणि ज्याने केलं तो आजही कुठेतरी मोकळा आहे. त्या घरातल्या म्हातारीला अजून वाटत असेल की कोर्टाने पैसे खाऊन सोडला. तिला तो पंचनामा कोणीतरी वाचून दाखवायला पाहिजे, आम्ही नाही, दुसऱ्या कोणीतरी.

दादा आता सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जातो. पहिले काही महिने रात्री दार उघडं ठेवून झोपायचा, आता लावतो. बोलतो कमी. पण तुमचं नाव निघालं की बोलतो. आखाजीला तुम्ही आलातच पाहिजे असा मायचा निरोप आहे, पुरणाचे मांडे ती खापरावर स्वतः करणार आहे, तिचे हात आता थरथरतात तरी कोणाला करू देत नाही.

शेवटचं एक काम आहे. दादासोबत आत धडगावकडचा एक पोरगा होता, पावरा आदिवासी, जन्मठेप, अपील दाखल आहे पण कागद कोणी बघितलेत असं वाटत नाही, दादा त्याच्याबद्दल रोज विचारतो. त्याची बहीण दुकानात येऊन गेली. तुम्ही सांगायचात तसं मी आधी पंचनाम्यांची आणि 313 च्या स्टेटमेंटची नक्कल मागितलीये, जी पानं फिकट आहेत त्यांवर खूण केलीये. सोमवारी ती कागद घेऊन संभाजीनगरला येईल, सिल्लोडमार्गे पहिली गाडी पकडून. तिला मराठी कमी येते म्हणून मी सोबत येतेय, त्या दिवशी दुकानाला सुट्टी घेतलीये. तुम्ही पॅनलवर त्याची केस मागून घेता येते का ते बघा, नाही आली तुमच्याकडे तर ज्यांच्याकडे जाईल त्यांना एक फोन करा.

तुमच्या पक्षकाराची बहीण,
पारोळा, जि. जळगाव