गरम कुंडांखाली ज्वालामुखी नाही

महोदय,

उन्हवरे, तुरळ, राजापूर इथली गरम पाण्याची कुंडे दाखवून ‘कोकणाखाली ज्वालामुखी धुमसतोय’ असे छातीठोक सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. आपला काळवत्री दगड, म्हणजे बेसाल्ट, ज्या आगीतून घडला ती अजून विझलेली नाही, एवढे खरे. पण ती इथे नाही. साडेचार हजार किलोमीटरहून दूर, हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपले भूखंड त्या तप्तस्थळावरून, म्हणजे खोलातून सतत उष्णता वर येणाऱ्या जागेवरून, सरकत होते. लांबच लांब भेगांतून लाव्हा निघाला, थरांवर थर बसले. सह्याद्रीच्या पायऱ्या त्याच. भूखंड उत्तरेला निघून गेले, तप्तस्थळ मागे राहिले. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस हा त्याचा माग. आज त्या तप्तस्थळावर रियुनियनचा ‘पितों द ला फूर्नेझ’ हा 2,632 मीटर उंच ज्वालामुखी आहे. त्याचा लाव्हाही बेसाल्टचा, पातळ, सुमारे 1,150 अंशांचा. त्यामुळे तो फुटण्यापेक्षा वाहतोच जास्त. एप्रिल 2007 मध्ये तर उतारावरच्या भेगेतून इतका मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) निघून गेला की आधार सुटून माथ्यावरच्या विवराचा तळ 300 मीटरहून अधिक खचला.

असा ज्वालामुखी जागा होताना उथळ धक्क्यांची रांग लागते, माथा फुगतो, सल्फर डायऑक्साइड वाढतो. ही लक्षणे एकत्र पाहायची असतात. डहाणू-तलासरीत 2018 पासून बसलेल्या नुसत्या धक्क्यांवरून मॅग्मा सिद्ध होत नाही.

मग पाणी तापते कसे? पावसाचे पाणी खडकातल्या भेगांतून खोल उतरते. दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. कोकणात वरचेच पाणी 27 अंशांच्या आसपास, म्हणजे दीड-दोन किलोमीटर खाली ते सत्तरीला सहज पोचते आणि दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर आले तर फारसे निवत नाही. भेग अरुंद असेल किंवा वाटेत थंड भूजल मिसळले तर ते कोमटच निघते. म्हणून शेजारशेजारच्या झऱ्यांतही फरक पडतो. कुजक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. त्याला ज्वालामुखीच लागतो असे नाही.

खरा धोका कुंडाच्या काठावर आहे. उन्हवऱ्याचे पाणी 70 अंशांच्या आसपास असते आणि तेवढ्या पाण्याने कातडी क्षणात भाजते. प्रत्येक उगमापाशी मोजलेले तापमान लिहिलेला फलक आणि मुलांसाठी कठडा हवा. आंघोळ थंड पाणी मिसळलेल्या टाकीतच व्हावी.

— भूगर्भशास्त्राचा एक अध्यापक, रत्नागिरी